उसनी दिलेली काथवट

मित्रांनो, ओकाच्या फळ्या जोडून केलेली जुनी काथवट मी. आमच्या युक्रेनमध्ये मला दिझा म्हणतात. परातीसारखी बसकी नव्हे, पिंपासारखी उभी, झाकणाची. प्सेल नदीकाठच्या खेड्यात पिंपं बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला बांधलं आणि मी मोत्र्या नावाच्या नव्या नवरीच्या घरी आले. काळ्या पावाचं पीठ रात्रभर माझ्यात आंबायचं. पाव काढल्यावर फळ्यांना चिकटलेलं पीठ ती एरवी धूत नसे, कारण त्याच्याच जोरावर पुढचा पाव फुगायचा.

माझे नेम कडक होते. माझ्याजवळ भांडायचं नाही. मला उघडं टाकायचं नाही. आणि मला उसनं तर कुणालाच द्यायचं नाही, सख्ख्या बहिणीलाही. परक्या घरी जाऊन आलेली काथवट आपल्या घरचा पाव विसरते, असं आमच्याकडची माणसं मानतात. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मोत्र्या मला मीठ-कांद्याने घासायची, धुतलेलं कापड गुंडाळायची आणि सूर्य उगवायच्या आत अंगणात नेऊन ठेवायची. त्या दिवशी माणसांसारखी काथवटही देवाजवळ आपली पापं सांगते. मोत्र्याने हा नेम एकाही वर्षी चुकवला नाही.

तिचा नवरा गेला, खेड्यातलं घर गेलं. मुलगा पानास तिला खार्किव शहरात घेऊन आला आणि ट्रकमधून मीही आले. एका बिऱ्हाडात तीन कुटुंबं आणि स्वयंपाकघर एकच. सून लारिसाने मला पाहिलं आणि म्हणाली, "हा ढोल कुठे ठेवू? माझ्या डोक्यावर?"

ती हे रशियनमध्ये म्हणाली. त्या घरात मोत्र्या सोडून सगळे रशियनच बोलत. पानास खेड्यातून नवा आला तेव्हा कारखान्यात त्याच्या बोलण्याच्या नकला होत. त्याने आपली युक्रेनी बोली गिळून टाकली ती टाकलीच. त्याच्या मुलीला, यारिनाला, युक्रेनीच्या तासाला बसवू नका असं आईबापांनी शाळेत सांगून ठेवलं होतं. तशी मुभा होती. त्या तासाला पोर व्हरांड्यात बसून राही.

"आई, तिच्याशी तसलं बोलू नका," लारिसा सासूला बजावे. "तिच्या जिभेला ते शेण लागलं, तर पुढे चांगल्या कॉलेजात कोण घेईल तिला?"

"मी काथवटीशी बोलते," मोत्र्या खाली मान घालून म्हणे. "तिला रशियन येत नाही."

शनिवारी पीठ भिजायचं तेव्हा यारिना माझ्याजवळ येऊन बसे. आजी पिठाला म्हणे, "ऊठ गं बाळे, ऊठ." यारिनाही म्हणे, "ऊठ गं बाळे." तिथे ती मीठ मागायला शिकली, रुसायला शिकली, आजीची चेष्टा करायला शिकली, सगळं युक्रेनीत. पण कुजबुजत. माझ्याजवळून उठली की दाराशी चपला काढाव्यात तशी ती भाषा काढून ठेवायची. आजीला तेवढाच घोर होता. "मी डोळे मिटल्यावर ही कुणाशी बोलेल गं?" असं ती मला विचारी.

एका वर्षी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी पहाटे त्याच बिऱ्हाडातल्या शेजारणीने, झिनाईदा पावलोव्नाने, मला अंगणात पाहिलं. सोव्हिएत सरकारला देवधर्म खपत नसे; ती त्याच सरकारच्या एका मोठ्या कचेरीत होती आणि तिचे डोळे कचेरी सुटल्यावरही कामावरच असत.

"देवधर्म चाललाय म्हणे म्हातारीचा, भर अंगणात," ती लारिसाला गोड आवाजात म्हणाली. "पानासचं नाव सरकारकडच्या वेगळ्या घराच्या यादीत आहे ना? मी नाही हो बोलायची कुठे. मी तसली नाही."

तेव्हापासून लारिसा तिच्यासाठी रांगेत उभी राहू लागली, तिच्या वाटणीचा जिना झाडू लागली. शरदात कोबी खारवायचे दिवस आले तेव्हा झिनाईदाने मलाच मागितलं. मोत्र्या नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावायला खेड्यात गेली होती.

"आई, तिला उसनं देत नाहीत," यारिना म्हणाली.

"गप्प बस. वेगळं घर हवंय ना तुला?"

झिनाईदाने माझ्यात उकळतं पाणी ओतलं. मोत्र्याच्या आयुष्यातले सगळे पाव माझ्या फळ्यांतून सुटले आणि मोरीत वाहून गेले. मग कोबी, मीठ, वर दगड, आणि मी स्वयंपाकघरात तिच्या बाजूला.

मोत्र्या परतली. खोलीतला माझा रिकामा कोपरा तिला दिसला. डोक्याचा रुमालही न सोडता ती खाटेवर बसून राहिली. यारिनाने तिच्याकडे पाहिलं. मग उठून स्वयंपाकघरात आली. तिथे लारिसा होती, झिनाईदा होती, तिसऱ्या कुटुंबाची माणसं होती.

"झिनाईदा पावलोव्ना, ती काथवट आमची आहे," यारिना म्हणाली. "पावाची आहे. परत द्या."

ती युक्रेनीत बोलली, आणि कुजबुजली नाही. कुणीतरी हसलं.

"माणसासारखं बोल," झिनाईदा म्हणाली.

"माझी आजी असंच बोलते. ती माणूस आहे."

लारिसाने तिच्या थोबाडीत मारली. "माफी माग आधी. नीट भाषेत माग."

"नाही मागणार," यारिना म्हणाली, त्याच भाषेत.

पानास दारात उभा होता. झिनाईदा त्याच्याकडे वळली. "ऐकताय ना पानास मिकितोविच? घरात काय शिकवता ते उद्या लोक विचारतील हं."

पानासने माझ्यावरचा दगड उचलून बाजूला ठेवला आणि कोबी ओंजळीओंजळीने तिच्या बादलीत काढू लागला. कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात होते. "आईची आहे ती," तो म्हणाला. गिळलेली बोली वर यायला तयार नव्हती, तो अडखळला. पण म्हणाला युक्रेनीतच.

मित्रांनो, त्यानंतर गोड काही घडलं नाही. वेगळं घर दुसऱ्या कुणाला मिळालं. ते मिळालं नाही म्हणून लारिसा सासूशी बोलायची थांबली, आणि मोत्र्याच्या मयताच्या दिवशीही तिने तिचं नाव घेतलं नाही. मी परत आल्याबरोबर मोत्र्याने मला पुन्हा मीठ लावून घासलं, प्रार्थना म्हटली, पीठ भिजवलं. ते उठलं नाही. पाव विटेसारखा झाला आणि त्याला कोबीचा वास आला. यारिनाने तो सगळ्यांसमोर चावून चावून खाल्ला.

पानासने शाळेत जाऊन आपला शब्द मागे घेतला. यारिना युक्रेनीच्या तासाला बसू लागली. पोरं तिला 'काथवट' म्हणून चिडवत. ती त्यांना उलट चिडवायची ती आजीच्या बोलीत, आणि त्या बोलीत शिव्यांना तोटा नाही.

माझं काय, माझ्यात आता बटाटे ठेवतात. माझं मला दुःख नाही. पण तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस आपली भाषा हळू आवाजात बोलत असेल, तर ते किती गोड बोलतं म्हणून कौतुक करत बसू नका. त्याला हळू बोलायला लावणारं कोण आहे ते शोधा, आणि त्याच्यासमोर ती भाषा मोठ्याने बोला.