टीसीकाकांचा संशय

आयसीयूबाहेरच्या बाकांवर मला खुर्चीवाली म्हणतात. डॉक्टर उभ्याउभ्या बोलून निघून जातात. मी मात्र खुर्ची ओढते, समोर बसते, पाण्याचा ग्लास पुढे करते आणि मग तोंड उघडते. वाईट बातमी बसून सांगावी, असं आम्हाला शिकवलेलं असतं. बाकांवरच्या मंडळींनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला आहे. ही बाई ज्यांच्यापुढे खुर्ची ओढते, त्यांचं माणूस गेलंच म्हणून समजा. त्यामुळे मी दारातून बाहेर आले की कुणाला अचानक फोन येतो, कुणाला चहाची आठवण होते. लेक हॉस्पिटलात मानसशास्त्रज्ञ आहे म्हणजे मन मोकळं करायला तिच्यापुढे रांग लागत असेल, असं माझ्या आईला वाटतं. वाटू दे बापडीला.

टीसीकाकांची बायको तर मला पाहिलं की मांडीवरची पिशवी छातीशी धरायची.

टीसीकाका म्हणजे कोपऱ्यातल्या कॉटवरचे पेशंट, जन्मभर तिकीट तपासनीस. न्यूमोनियाने छाती भरली आणि घशात नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. नळी निघाली, सगळ्यांनी हुश्श केलं आणि काकांना भ्रम झाला. आमच्याकडे हे नेहमीचंच आहे. गुंगीची औषधं, यंत्रांची पिरपिर, दिवस-रात्रीचा पत्ता नाही. भल्याभल्यांचं डोकं काही दिवस ठिकाणावर राहत नाही. काकांचा भ्रम त्यांच्या नोकरीला जागला. हॉस्पिटल बनावट, नर्स तोतया. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली की ते हात पुढे करून म्हणायचे, "आधी ओळखपत्र." ते उलटसुलट करून बघायचे आणि परत देताना म्हणायचे, "छपाई झकास केलीय हां!"

हसू यायचं, पण काका ऑक्सिजनचा मास्कसुद्धा ओढून काढायचे. त्यातून विषारी वायू सोडतात, असा त्यांचा शोध. त्या सकाळी मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मास्क टिकला नाही तर पुन्हा नळी घालावी लागेल. आणि या फुप्फुसांची अवस्था बघता ती परत निघेल, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत." हात बांधले तर काका बिथरायचे, गुंगीचं औषध वाढवलं तर श्वास मंदावायचा. उरला एकच उपाय, आणि तो माझ्या कामाचा भाग होता. विश्वासातलं माणूस शेजारी बसवायचं.

काकांचा भाऊ बसायला तयार होता. पण काळजीने तो वाळला होता, आणि काकांनी त्याला आदल्याच दिवशी हाकललं होतं. "माझा भाऊ चांगला जाडजूड आहे. सोंग आणायचं तर नीट आणा."

राहिली बायको, आणि इथेच माझ्या मनात पाल चुकचुकत होती. नळी होती तोवर ही बाई रोज आत येऊन नवऱ्याचे पाय चेपत बसायची. काकांना वाचा फुटल्यापासून तिने आत पाऊल टाकलं नव्हतं. बाकावरून हलायची नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टरला हळूच विचारायची, "काही बोलले का? कुणाचं नाव घेतलं का?" नवऱ्याच्या तोंडून काय बाहेर पडेल याची हिला एवढी धास्ती का? घरी काय घडलं होतं? आपल्यावर विषप्रयोग होतोय हे काकांच्या डोक्यातलं खूळ मुळात इथलं की घरचं? इथवर माझी मजल गेली. भावाला आडून विचारलं, दोघांचं पटतं का म्हणून. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आधी पोलिसात होता का?"

शेवटी दुपारी मी खुर्ची न घेताच काकूंसमोर जाऊन उभी राहिले.

"मी कुठेही सही करणार नाही," त्या म्हणाल्या.

"सही कुणी मागितलीय?"

"माणसाची आशा सोडली की तुम्ही बोलायला येता. आज खुर्ची आणली नाही म्हणून मी फसायची नाही."

माझं डोकं सटकलं. "काकू, आशा मी सोडलेली नाही. संध्याकाळी पुन्हा नळी घालायची वेळ येईल आणि तुम्ही इथे बसून त्यांनी कुणाचं नाव घेतलं याची चौकशी करताय! त्यांनी काय बोलू नये असं वाटतंय तुम्हाला? काय लपवताय?"

त्या म्हणाल्या, "भाऊजींना ते काय बोलले, ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"यांचा कुणावर म्हणून विश्वास नाही हो. दूधवाल्यावर नाही, शेजाऱ्यांवर नाही, सख्ख्या आईवर नव्हता. पण मला इतक्या वर्षांत एकदा विचारलं नाही, कुठे गेली होतीस, उशीर का झाला. एकदासुद्धा नाही. त्याचा फार अभिमान होता मला." त्यांनी पिशवी आणखी आवळली. "आता मलाच विचारलं, तू कोण, तर? ते बरे होतील, विसरून जातील. मी कशी विसरू? म्हणून विचारत होते, माझं नाव घेतात का."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं शिकून मी शेवटी एका घाबरलेल्या बाईवर पाळत ठेवत होते. तरीही खोटा दिलासा द्यायला जीभ रेटेना.

"बहुतेक विचारतील, काकू," मी म्हटलं. "तरी या."

त्या पिशवी दिराकडे देऊन उठल्या.

काका मास्क मुठीत धरून बसले होते. ओठ काळसर पडले होते. काकू कॉटजवळ गेल्या. "अहो," त्यांनी हाक मारली.

काकांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आपण कोण?"

काकूंनी कॉटचा दांडा घट्ट धरला. आपण चूक केली असं वाटून मी पुढे झाले, तर काकांनी मला हातानेच लांब व्हायला सांगितलं आणि काकूंना जवळ बोलावलं.

"तुम्ही यांच्यातल्या वाटत नाही," ते धापा टाकत कुजबुजले. "माझं एक काम कराल? बाहेर माझी बायको बसली असेल. तिला सांगा, काही झालं तरी आत येऊ नकोस. हे लोक बरे नाहीत. माझं व्हायचं ते होईल, पण ती यांच्या हाती लागता कामा नये. भोळी आहे हो ती."

काकूंनी पदराने तोंड दाबलं. मॉनिटर कोकलायला लागला. मला वाटलं, त्या आता कोसळणार.

"सांगते," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. "पण आधी हा मास्क लावा. त्याशिवाय मी इथून हलायची नाही."

काकांनी विचार केला. मग मूठ सैल केली आणि मान पुढे केली. काकूंनी मास्क नाकावर बसवला, मागचा पट्टा नीट केला. काकांनी लगेच दाराकडे बोट दाखवलं. जा, लवकर जा.

काकू खरंच बाहेर गेल्या. काचेपलीकडे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, डोळे पुसले, आणि परत आल्या.

"भेटली तुमची बायको," त्या काकांच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "ती नाही येत आत. पण म्हणाली, तुम्ही मास्क काढायचा नाही. आणि तोवर मला तुमच्याजवळ बसायला सांगितलंय."

काकांनी मान डोलावली आणि त्या परक्या बाईला बसायला कॉटवर जागा करून दिली.