कॅमेऱ्याचे कपाळ

मी एक जुना कॅमेरा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला तुमची कीव नको. फुटकी छत्री रडते, मोडका बाक रडतो, फाटके पुस्तक तर पहिल्या ओळीपासून हुंदके देते. मी रडणार नाही. माझ्या पाठीवरचे रबर सुटले आहे, बटणांवरची अक्षरे पुसली आहेत आणि पुढच्या मोठ्या काचेवर मधोमध एक ओरखडा आहे. तरीही माझे शटर वाजले की पडवीत झोपलेले मांजर उठून बसते.

मला डीएसएलआर म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. माझ्या पोटात एक आरसा आहे. समोरचा उजेड भिंगातून आत येतो, आरशावरून वर जातो आणि मागच्या छोट्या खिडकीतून बघणाऱ्याच्या डोळ्यात उतरतो. म्हणजे माझ्यातून बघणाऱ्याला चित्र दिसत नाही, खरी वस्तूच दिसते. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा जन्म दूर देशी एका कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. शुद्ध आली ती रत्नागिरीत, रामआळीजवळच्या एका दुकानात, काचेच्या कपाटातल्या मधल्या फळीवर. खालच्या फळीवर स्वस्तातले कॅमेरे होते, वरच्या फळीवर लग्नवाल्यांचे महागडे. मी मधला. मधल्याकडे कोणाचेही लक्ष नसते हे तुमच्यापैकी ज्यांना एक मोठा आणि एक धाकटा भाऊ आहे त्यांना सांगायला नको.

तेजल मात्र थेट मधल्या फळीपाशी आली. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात ती काम करायची. नवरा मुंबईला. फोटो काढणे हा तिचा पोटाचा धंदा नव्हता, पण हौस म्हणून हसण्यावारी नेण्यासारखीही गोष्ट नव्हती. तीन शनिवार ती दुकानात आली आणि तिन्ही शनिवार तिने मला तपासले. मला एका हातात धरून मनगट दुखते का पाहिले. समोरच्या बाईच्या पाटीतल्या बांगड्यांचा फोटो काढला, केळीच्या सावलीचा काढला, आणि दुकानदार सदूभाऊंच्या टकलाचाही काढला. टकलावरची चकाकी पांढरीफटक पडते का, हे तिला बघायचे होते.

"अवो मॅडम," सदूभाऊ वैतागून म्हणाले, "एवढी तर लोकं मुलगी बघताना चवकशी करत नाय!"

"म्हणून तर पुढे पस्तावतात," तेजल म्हणाली आणि तिने मला घेतले.

तेव्हापासून दहा वर्षे आमचा रविवार सड्यावर गेला. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे माळरान. तेजलच्या सासरच्या गावाला असा एक सडा आहे आणि त्यावर फार जुन्या काळी कोणीतरी चित्रे कोरलेली आहेत. एक मोठा मासा आहे, त्याच्या शेजारी पाय फाकून उभा राहिलेला माणूस. ही कातळशिल्पे भर दुपारी गेलात तर दिसायची नाहीत. रेघा बोटभर खोल, ऊन डोक्यावर आले की पुसल्यासारख्या होतात. काही हौशी लोक रेघांत खडू भरतात आणि फोटो काढून मोकळे होतात. तेजलने दगडाला कधी खडू लावला नाही. ती केरसुणीने हलक्या हाताने पाचोळा काढायची, दगडावर बसायची आणि ऊन कलण्याची वाट बघायची. उन्हे तिरपी झाली की रेघांत सावली भरायची आणि मासा दगडातून वर यायचा. त्या दहा मिनिटांसाठी आम्ही तीन-तीन तास तापत बसलो आहोत.

आमचा मासा रत्नागिरीच्या प्रदर्शनात लागला. लोक म्हणाले, बाईंचा हात छान आहे. खरेच आहे ते. पण फोटो बिघडला की तेच लोक म्हणायचे, कॅमेरा जुना झाला वाटते. चांगले झाले की तुमचे, बिघडले की आमचे!

आता ओरखड्याची हकिगत. तो मैनाआजीने काढला. मैनाआजी म्हणजे तेजलची सासू. लहानपणी त्याच सड्यावर गुरे राखलेली बाई. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारे पाटावर मांडून ती पूजा करायची. कोयता, विळी, कुदळ, शिवणयंत्र, आणि पहिल्या वर्षी त्यांच्या पंगतीत मी. कुंकवाचे बोट घेऊन ती माझ्यापुढे थांबली. कोयत्याला कुठे लावायचे ते तिला ठाऊक होते. माझ्यापुढे मात्र तिचे बोट अडले.

"गो तेजल, ह्येचा कपाळ कुटं?"

"पुढेच असेल की आई," तेजल चुलीपासून हसत ओरडली.

पुढे सगळ्यात मोठे, गोल, चकचकीत काय होते? माझी काच. आजीने ओले कुंकू बरोबर मधोमध टेकवले, वर हळद लावली आणि हात जोडले. तेजल बाहेर आली आणि तिच्या हातातली पळी खाली पडली. मग आजीच घाबरली. "मी पुसतंय, मी पुसतंय," म्हणत तिने पदराने मला खसाखसा पुसले. कुंकवातली बारीक कचकच काचेवरून फिरली. तो हा ओरखडा. पुढच्या वर्षापासून खंडेनवमीला तेजल माझ्या काचेवर झाकण लावू लागली आणि आजी झाकणावर कुंकू लावू लागली. माझे झाकण आता काळे राहिले नाही, ते लालसर झाले आहे.

मला त्या ओरखड्याची लाज नाही. अंगावर कुंकवाची खूण असलेला कॅमेरा तुम्ही दुसरा दाखवा.

पण यंदा गुरुप्रसाद आला. हा तेजलचा पुतण्या, लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे आरसा नसलेला नवा कॅमेरा आहे. "काकी, दसऱ्याला दुकानात योजना आहे," तो म्हणाला. "जुना द्या, नवा न्या. ह्याचे सुटे भाग तरी कोणाच्या उपयोगी पडतील."

सुटे भाग! मी पिशवीत होतो, सगळे ऐकत होतो.

तेजल म्हणाली, "आधी दोघांना तपासून बघू. सड्यावर." गेले वर्षभर माझा फोकस चुकत होता, तिची मान माझ्या वजनाने दुखत होती. मला हे माहीत होते. तरी तिच्या तोंडून "बघू" ऐकले आणि मला राग आला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आम्ही सड्यावर गेलो. गवत पिवळे पडू लागले होते. मैनाआजीही काठी टेकत आली. नको म्हटले तरी आली. हल्ली तिला अंधुक दिसते आणि सड्यावर तर उन्हाची तिरीप डोळ्यांत जाऊन काहीच दिसत नाही. मासा कुठे आहे ते तिला पायांनी कळते, पण तो तिने तीन-चार वर्षांत पाहिलेला नव्हता.

गुरुप्रसादने माझी परीक्षा घेतली. एकच मासा, एकच ऊन, दोन्ही कॅमेरे. फोनवर तो दहापैकी गुण लिहीत गेला आणि मोठ्याने वाचत गेला. वजन, चार. फोकस, पाच. कमी उजेड, पाच. व्हिडिओ, तीन. रंग, आठ. हातात बसणे, नऊ. शेवटी त्याने मला मावळतीकडे तोंड करून धरले आणि ओरखड्यामुळे फोटो धुरकट आला.

"हे बघ काकी," तो म्हणाला. "नापास."

मित्रांनो, त्याने गुण खोटे दिले नाहीत. मी जड आहे. मला अंधारात चाचपडायला होते. हे सगळे मान्य. पण ज्या तक्त्यात माझा आरसाच नाही, त्या तक्त्याने मला नापास करावे, हे मला मान्य नव्हते आणि आजही नाही.

त्याने माझी बॅटरी आणि कार्ड काढून पिशवीत टाकले आणि मला खोक्यात ठेवू लागला. तेजलने तोंड फिरवले. तेवढ्यात आजी म्हणाली, "थांब रे. मना बगू दे येकदा. धा वर्सं कुकू लावतंय, आत कदी बगितलाच नाय."

"ह्यात बघ आजी," गुरुप्रसादने आपला नवा कॅमेरा तिच्या डोळ्याला लावला.

"ह्येच्यात टीवी लागलाय," आजी म्हणाली. "टीवी घरात हाय. तो दे मना."

"त्याची बॅटरी काढलीय आजी. त्यात आता काळोख आहे. काही दिसायचे नाही."

इथे चुकला पोरगा! आरसा नसलेला त्याचा कॅमेरा बॅटरीशिवाय आंधळा होतो, म्हणून त्याला वाटले सगळेच होत असतील. तेजल झटकन वळली. तिने मला त्याच्या हातातून घेतले, मासा जवळ दिसावा म्हणून भिंग लांब केले आणि आजीच्या डोळ्याला लावले. खिडकीशेजारी माझे एक बारीक चाक आहे, ते तिने आजीच्या नजरेसाठी थोडे थोडे फिरवले. मग आजीचा हात भिंगाच्या कड्यावर ठेवला. "आई, हे हळूहळू फिरवा."

आजीने कडे फिरवले. माझ्यात बॅटरी नव्हती, कार्ड नव्हते. आरसा होता आणि समोर ऊन कलले होते. तेवढे मला पुरते.

"अगो बाय माजे," आजी म्हणाली. तिचा श्वास माझ्या पाठीवर लागत होता. "मासो गो! शेपटीसकट. तेच्या पोटाव मी बसायची, तो खड्डापन हाय..."

ती बराच वेळ बघत राहिली. गुरुप्रसाद तिच्याकडे बघत होता आणि बॅटरी त्याच्या पिशवीत होती. ऊन उतरले, मासा दगडात गेला, तेव्हाच तिने मला खाली केले. तेजलने हात पुढे केला.

"गुरू, बॅटरी दे."

"काकी, गुणांवरून तरी..."

"तुझे गुण बरोबर आहेत रे. मी नवा घेईन, पुढच्या वर्षी, पैसे साठवून. हा देऊन नाही."

म्हणजे नवा येणार आहे. येऊ दे! त्याने लग्ने करावीत, व्हिडिओ करावेत, अंधारात मांजरे टिपावीत. मी मधला होतो, आता थोरला होईन.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. पाटावर कोयता, विळी, कुदळ, शिवणयंत्र आणि मी. तेजलने सवयीने माझ्यावर लाल झाकण लावले. आजी कुंकवाचे बोट घेऊन माझ्यासमोर बसली. झाकणाला तिने बोट लावलेच नाही. तिने मला उचलून फिरवले आणि माझी पाठ तिच्याकडे आली.

"आई, पुढे लावता ना तुम्ही?" तेजल म्हणाली.

"धा वर्सं चुकीच्या जागी लावलंय," आजी म्हणाली. "डोळा हितं हाय. मंग कपाळ ह्येच्यावर."

आणि मागच्या छोट्या खिडकीच्या वर, जिथे बघणाऱ्याची भिवई टेकते, तिथे तिने कुंकू लावले.

मित्रांनो, तुमच्या घरीही कपाटात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला बुरशी लागू देऊ नका, भिजला तर तांदळाच्या डब्यात पुरू नका, आणि दर महिन्याला त्याला बाहेर काढून ऊन दाखवा. त्याला गुण द्यायचे तर खुशाल द्या. फक्त त्याआधी एकदा त्याच्या खिडकीला डोळा लावा. बॅटरी नसली तरी चालेल.