हिरवं हाय, जा

न्यूझीलंडच्या एका किनाऱ्यावर उद्या किती उंच लाट येणार, हे अख्ख्या काटेवाडीत फक्त मला माहीत असतं. दूध घालायला डेअरीवर गेले की बायका विचारतात, फॅट किती लागली, लेक कधी येणार. लाटेचं कुणी विचारत नाही.

लेक म्हणजे आमची राजलक्ष्मी, राजी. इथं ॲग्रीची डिग्री घेतली आणि तिकडं एका गोठ्यावर कामाला गेली. गोठा आपला म्हणायचा. सहाशे गाई आहेत आणि धारा यंत्र काढतं. मी म्हटलं होतं, धारांसाठी एवढं लांब कशाला, दारात दोन गाई आहेत की. तर म्हणाली, तिकडं गाईला नाव नसतं, नंबर असतो, म्हणून पगार मिळतो.

रविवारी तिला सुट्टी. पहिल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी ती झोपायची आणि रडायची. रडते असं कधी बोलली नाही, पण व्हिडिओ कॉलवर लाल नाक दिसतंच. मग गोठ्याच्या मालकिणीनं एकदा तिला समुद्रावर नेलं आणि फळीवर उभं केलं. तेव्हापासून तिचं रडणं थांबलं आणि माझी काळजी सुरू झाली.

तो खेळ तिनं मला समजावला. लांब फळीवर पालथं पडायचं, हातानं पाणी मारत आत जायचं, आणि लाट आली की तिच्या तोंडावर उभं राहून काठाला यायचं. मग पुन्हा आत. काठालाच यायचं तर आत जाता कशाला, असं मी विचारलं, तर खूप हसली. तिथं खाली खडक नाही, वाळू आहे, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. पण वाळू सरकते, म्हणून लाट रोज वेगळ्या जागी फुटते. हे मला लगेच कळलं. माझं माहेर इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याला. तिथंही काठ दरवर्षी जागा बदलतो. आणि फळी पायाला दोरीनं बांधलेली असते हे ऐकून तर मला धीरच आला. बांधलेलं जनावर किती लांब जाणार? त्या दोरीला आम्ही दोघी दावं म्हणायला लागलो.

मग तिनं मोबाईलवर एक पान पाठवलं. त्या किनाऱ्याचा आठवडाभराचा अंदाज, लाट, वारा, भरती-ओहोटी, पाणी किती गार, सगळं. सगळं इंग्रजी, पण प्रत्येक दिवसाला एक रंग. आणि रंग मला वाचता येतात. आमच्या उसाचं ॲप तसंच आहे. उपग्रहातून शेत दिसतं. हिरवं असलं की ऊस बरा आहे, पिवळं झालं की एक चक्कर मारून या, लाल झालं की पळा. तीन वर्षं मी ते ॲप चालवते. आमचे मालक, आबासाहेब, आधी त्याला माझा टीव्ही म्हणायचे. आता सकाळी चहाच्या आधी विचारतात, लाल कुठं हाय का.

तर शनिवारी दुपारी राजीचा मेसेज यायचा. तिकडं तेव्हा संध्याकाळ. ‘आई, उद्या समुद्र कसा हाय?’ मी पान उघडायचे आणि कळवायचे. हिरवं असलं की लिहायचे, ‘हिरवं हाय, जा.’ लाल असलं की, ‘लाल हाय, जाऊ नको.’ आणि ती जायची नाही. खरंच जायची नाही. गोठ्यावरच्या खोलीत बसून कपडे धुतानाचा फोटो पाठवायची. ही पोरगी जन्मात कधी एवढं ऐकणारी नव्हती. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. पण लेक ऐकते आहे म्हटल्यावर कोणती आई शंका काढत बसेल? मी तर डेअरीच्या रांगेत जरा ताठ उभी राहायला लागले होते.

आखाडातल्या एका शनिवारी रविवारचा रंग असा निघाला, की मी तसा कधी बघितलाच नव्हता. आधीचा हिरवा म्हणजे पोपटी, फिका. हा गडद होता, पावसानंतरच्या घासासारखा. मी आनंदानं लिहिलं, ‘आजवरचं सगळ्यात चांगलं हाय. बिनधास्त जा.’

रविवारी सकाळी धारा काढून झाल्या. आता ती पाण्यावर गेली असेल या हिशेबानं मी सहज पान उघडलं. दर रविवारी उघडायचे, लेकीच्या घराकडं खिडकीतून बघितल्यासारखं. रंग असताना आकडे कोण वाचतं? पण त्या दिवशी रंगच एवढा गडद, की त्याच्या खाली काय लिहिलंय ते बघावं वाटलं. लाट अडीच मीटर. मीटर मला उसावरून कळतो. गोठ्याच्या मागंच आमचा आडसाली ऊस आहे, मी उठून त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. वर हात केला तर शेंड्याला पोचला नाही. एवढं पाणी उभं राहून अंगावर येणार.

मग वाऱ्याचा बाण बघितला. बाण जमिनीकडून समुद्रात जात होता.

माझे वडील, तात्या, उजनीवर होडी चालवायचे, या काठची माणसं त्या काठाला न्यायची. त्यांचा एकच नियम होता. काठाकडून आत वारा सुटला की काठाजवळचं पाणी गुळगुळीत दिसतं, आणि तेव्हाच होडी सोडायची नाही. ते म्हणायचे, असं पाणी माणसाला आत बोलवतं आणि परत पाठवायचं विसरतं. आता समुद्र म्हणजे उजनी नव्हे, एवढं मला कळत होतं. पण तात्यांच्या नियमानं तो दिवस लालभडक असायला हवा होता, आणि पानावर हिरवागार होता.

मी बुद्धघोषला फोन लावला. हा वडगाव निंबाळकरचा, राजीच्या वर्गातला. आमच्या रानातलं हवामानाचं यंत्र त्यानंच बसवलंय. त्याला पानाचा फोटो पाठवला आणि म्हटलं, रंगाबद्दल खाली काय बारीक लिहिलंय ते वाचून सांग. त्यानं लगेच परत फोन केला. आधी राजी कशी आहे विचारलं, पाऊसपाणी विचारलं. माणूस पाऊसपाणी विचारायला लागला की समजावं, पुढचं सांगायचं त्याच्या जिवावर आलंय.

“काकू,” तो म्हणाला, “त्यांचं हिरवं म्हणजे लाट चांगली. मोठी आणि साफ. लाल म्हणजे लाटच नाही, नाहीतर नुसता खळबळाट. तो रंग लाटेचा आहे, माणसाचा नाही.”

मी विचारलं, मग माणसाचा कुठं असतो.

“तो नसतो त्यात,” तो म्हणाला. मग म्हणाला, ती आता शिकली असेल काकू, ते लोक एकमेकांकडं बघत असतात. पोरगा चांगला आहे. पण फोन ठेवताना, तिचा फोन आला की मलाही सांगा म्हणाला, आणि त्यावरून मला जे कळायचं ते कळलं.

म्हणजे एवढे महिने मी काय करत होते? समुद्र शांत असला की लेकीला घरी बसवत होते, आणि लाट मोठी झाली की स्वतःच्या हातानं पाण्यात ढकलत होते. बिनधास्त म्हणून.

फोन लावला. वाजला, वाजत राहिला. फोन गाडीत ठेवून ती पाण्यात जाते हे मला माहीत होतं, तरी लावत राहिले. मालकिणीचा नंबर माझ्याकडं नव्हता, आणि असता तरी मी तिला कुठल्या भाषेत काय सांगणार होते? की बाई, आमच्या उसाचं ॲप वेगळं आहे?

आबासाहेब दूध घालून आले. त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आपल्यात पाण्याची पाळी असती, लाटेची पाळी आपल्याला काय कळणार. मग कडबाकुट्टीचं पातं काढून घासायला बसले. ते पातं त्यांनी परवाच घासलं होतं. येताना पेंडीचं पोतं आणायचं होतं तेही विसरून आले होते, आणि मीही विचारलं नाही.

मी ते पान धरून बसले. बंद करायचे, उघडायचे. लाट दिसत होती, वारा दिसत होता, ओहोटी कधी लागली ते दिसत होतं, पाणी किती गार तेही दिसत होतं. पाण्यात कोण आहे ते कुठंच दिसत नव्हतं. आमच्या रानात एका कोपऱ्यात ऊस पिवळा पडला तर वर आभाळातून दिसतो, आणि पाच फुटांची माझी पोरगी कुणाला दिसत नाही. बाहेर आखाडाचा वारा सुटला होता आणि ऊस सळसळत एका बाजूला झुकत होता. रोजचाच ऊस, पण मला त्याच्याकडं बघवेना. मी गोठ्याचं उसाकडचं दार लावून घेतलं.

ऊन चढलं. इथं ऊन चढलं म्हणजे तिथं मावळतीला आलं. त्यांच्याकडं तेव्हा हिवाळा, दिवस लहान. इथं मी भाकरीसाठी तवा ठेवला आणि मनात आलं, तिथं अंधार पडायला लागला असेल. तवा तसाच तापत राहिला.

आबासाहेब पातं हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. ते तिला लहानपणी विहिरीत पवायला शिकवायचे, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

“डबा मी लवकर सोडला का गं तिचा?” ते म्हणाले.

मी म्हटलं, “न्हाय ओ. तिनंच सोडला हुता.”

फोन वाजला तेव्हा मी तो आधी आबासाहेबांच्या हातात दिला, का ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी तो उलटा धरला. मग दोघांनी मिळून सरळ केला.

राजी गाडीत बसली होती. अंगाभोवती टॉवेल, केसांत वाळू, ओठ जांभळे. मागं काचेबाहेर अंधार.

“दावं तुटलं, आई,” ती म्हणाली.

बाकीचं हळूहळू सांगितलं. मोठी लाट डोक्यावर फुटली, दोरी तुटली, फळी एकटीच काठाला गेली. आणि हिला पाणी आत ओढायला लागलं. काठाकडं हात मारले तर काठ लांबच जात राहिला. तेव्हा तिनं हात मारायचं सोडून दिलं आणि पाठीवर पडून राहिली, आबांनी विहिरीत शिकवलं होतं तशी, कान पाण्यात आणि नजर वर. पाण्यानं नेलं तिकडं गेली. पुष्कळ पुढं गेल्यावर पाण्यानंच सोडलं, मग लाटांबरोबर वाळूला लागली आणि गाडीपर्यंत अनवाणी चालत आली. आबासाहेबांनी ऐकलं आणि पातं घेऊन बाहेर गेले. बाहेर घासण्याचा आवाज काही आला नाही.

मी तिला विचारलं, “हिरवं म्हंजी काय ते तुला म्हाईत हुतं?”

“व्हय.”

“मग मला बोलली का न्हाईस?”

ती खिडकीकडं बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, तू घाबरली असतीस म्हणून. तसं म्हणाली असती तर मी रागावू शकले असते.

“पाण्यात उतरताना दर वेळी पाय लटपटतात,” ती म्हणाली. “मग मनात म्हणायची, आई जा म्हणाली हाय.”

यावर रागवायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आधी गरम काहीतरी पी, एवढंच मी म्हटलं. बुद्धघोषला कळवलं. तवा लाल झाला होता, तो उतरवला.

तो आठवडा मी उसाचं ॲपसुद्धा उघडलं नाही. आबासाहेबच एकदा म्हणाले, लाल कुठं हाय का बघ तरी. रोज राजीशी बोलणं होत होतं, वासरांचं, थंडीचं, नव्या कामगाराचं. समुद्र आम्ही दोघींनी टाळला. मला वाटलं, सुटला नाद. आणि वाटलं तेवढं बरं काही वाटलं नाही, कारण बुधवारी तिचं नाक पुन्हा लाल दिसलं.

शनिवारी दुपारी मेसेज आला. नेहमीचाच. ‘आई, उद्या समुद्र कसा हाय?’

रंग तिला माझ्याआधी दिसतो, अर्थही कळतो. म्हणजे विचारत होती ते रंगाचं नव्हतं. मी पान उघडलं. गडद हिरवं. लाट थोडी कमी, पण माझ्या डोक्याच्या वर. बाण जमिनीकडून आत. ‘जाऊ नको’ लिहिलं, तर ती ऐकेल. या वेळी खरंच ऐकेल आणि त्या खोलीत कपडे धूत बसेल. ‘जा’ लिहिलं, तर या वेळी मला माहीत असेल मी काय लिहिते आहे. दोन्ही लिहून बघितलं. दोन्ही खोडलं. आबासाहेब पलीकडं गाईला पाणी पाजत होते, त्यांची पाठ माझ्याकडं होती, पण बादली कधीच रिकामी झालेली होती.

शेवटी लिहिलं, ‘दावं नवं घेतलंस का?’

लगेच उत्तर आलं. ‘घेतलं. जाड हाय.’

त्याच्या खाली ती अजून काही लिहीत होती. टिंबं हलायची, थांबायची, परत हलायची. ती काय लिहिते ते येईपर्यंत मी थांबले नाही. ‘हिरवं हाय’ एवढं लिहिलं, पुढचा शब्द लिहायला बोट नेलं आणि तसंच धरून राहिले.