सरांचा व्हिडिओ

"सर, बीच में रुको नक्को, बोलते जाओ," कुलदीप म्हणाला, आणि मी पुन्हा कॅमेरा बंद केला.

अरे, दिलसुखनगरचा तो आमचा स्पोकन इंग्लिशचा क्लास, माहितीये ना? कुलदीप त्याचा मालक, आणि हिम्मतराव सर तिथे कितीतरी वर्षं शिकवणारे. मॅडम, म्हणजे सरांची बायको, वारल्यावर सरांना संध्याकाळची ती बॅच तेवढी उरली होती. कुलदीपने शब्द दिला, एक व्हिडिओ करून द्या, बॅच तुमचीच. मी तिथेच शिकलेली, आता व्हिडिओ एडिट करते, म्हणून मला बोलावलं.

धडा होता सिन्स आणि फॉरचा. सर कसं शिकवतात सांगू? आधी तुमच्या घरचं विचारतात. "बोल, नळाला पाणी कधीपासून नाही?" पोरगं म्हणणार, "सिन्स टू डेज, सर." मग सर, "अरे, हे किती दिवस ते झालं. तिथे फॉर. कधीपासून ते सांग." मग ते बिचारं, "सिन्स मंडे." असं चालायचं. पण शूटिंगला बाक रिकामे. सर विचारायचे आणि थांबायचे. खरंच थांबायचे रे, मान जरा पुढे करून. उत्तर कोण देणार?

शेवटी मीच कॅमेरा लावून ठेवला आणि बाकावर जाऊन बसले. "सिन्स मंडे, सर."

सर असे खुलले म्हणून सांगू. 'यस्टर्डे नाइट' नाही, 'लास्ट नाइट'. 'इन द मॉर्निंग', पण 'ॲट नाइट'. सगळं घेतलं, मी मुद्दाम चुकले, तर म्हणाले, "तेजश्री, तू अजून तशीच ढ गं," आणि हसले. मॅडम गेल्यापासून हसताना मी बघितलं नव्हतं त्यांना.

कुलदीपने बघितलं. "तेरी आवाज निकाल दे, और वो खाली जगह सब काट."

कापलं मी. मग सर विचारतात आणि लगेच स्वतःच उत्तर देतात, घाईघाईत, असं दिसायला लागलं. पण व्हिडिओ छान झाला. इतका, की कुलदीप सरांना म्हणाला, "अब रोज काहे को तकलीफ, सर? आराम करो. जरूरत पडी तो बुलाऊंगा."

तरी बॅचला व्हिडिओ लावायच्या पहिल्या दिवशी सर आले. इस्त्रीचा शर्ट घालून. मागच्या बाकावर बसले. समोर टीव्हीवर सर, मागे सर, आणि पोरं सारखी वळून बघतायत. मी वायर धरून उभी.

श्रुती म्हणून नवीन मुलगी होती, ती मागे वळून हळूच म्हणाली, "सर, समजलं नाही मला. इथं फॉर का?"

सर अर्धवट उठले. मग त्यांनी दाराकडे बघितलं. कुलदीप तिथे फोनवर बोलत उभा होता.

सर परत बसले. "आधी व्हिडिओ संपू दे, बाळ."

टीव्हीवरचे सर तोवर पुढच्या वाक्यावर गेले होते.