गटारावरचा जावई

सभा अकराची, म्हणजे बाराला सुरू झाली. या नगरपालिकेची रीत ठरलेली: विषय वाचायचा, मान हलवायची, चहा घ्यायचा. चहा देणारी मावशी गटारकामगाराची बायको. चार महिन्यांपूर्वी तिचा नवरा बाजारामागच्या गटारात उतरला, तो वर आला दोरीला बांधूनच.

विषय नऊ, गटार उपसण्याचं यंत्र. सलग पाचव्या वर्षी पुढे ढकललं. विषय दहा, सभागृहाला गादीच्या खुर्च्या. यंत्राच्याच पैशांतून, एकमताने. अध्यक्षांची पाठदुखी शहराला परवडणारी नव्हती.

विषय अकरा. हेडक्लार्कने चष्मा पुसला. "मयत गटारकामगाराची जागा. प्रथेप्रमाणे त्याच्याच घरात द्यायची."

"मुलगा आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. एकच मुलगी, बारावी झालेली."

"मग जागा मुलीच्या नावावर राखा. मावशी, सहा महिन्यांत लग्न उरका. जावई उतरेल."

"हुंडा वाचला की तुमचा," बांधकाम सभापती म्हणाले. "पालिकाच देतेय."

सगळे हसले. सभापतींच्या मिशीतला बिस्किटाचा भुगा ठरावावर सांडला.

मावशी चहा ओतत राहिली. जागा जावयाला मिळते ही प्रथा वस्तीला ठाऊक होती, म्हणून कालच एक स्थळ येऊन गेलं होतं. त्याने पोरीकडे धड पाहिलंही नाही, दारूचा भपकारा सोडत एवढंच विचारलं, "जागा पक्की ना?" तो गेल्यावर पोरगी म्हणाली होती, "आई, हा मेला की मग कुणाचा नंबर?"

"साहेब," मावशी म्हणाली, "मागच्या वर्षी तुमचे क्लार्कदादा गेले. त्यांचा मुलगा दहावी नापास, त्याला बापाची खुर्ची मिळाली. माझी पोर बारावी पास. तिला गटारात उतरणारा नवरा?"

"जागेला जागा, मावशी. नियमच तसा," हेडक्लार्क समजुतीने म्हणाला. "संमतीवर सही करा, नाहीतर पालिकेची खोली महिन्यात सोडावी लागेल. नीट विचार करा."

"केलाय. नवऱ्याला शेवटची आंघोळ घालताना केला. तीन बादल्या साबणाचं पाणी ओतलं, तरी त्याच्या कानातून काळंच येत होतं."

दोघा-तिघांनी हातातली बिस्किटं बशीत ठेवली. मावशीने किटली टेबलावर ठेवली.

"नाही म्हणतेय, असं लिहून घ्या."

"लाभार्थीचा नकार," हेडक्लार्कने लिहिलं आणि विषय बारा वाचायला घेतला.

मायलेकींनी महिन्याच्या आत खोली सोडली. सामान हातगाडीवर चढवायला नवऱ्याच्या टोळीतले उरलेले दोन गटारकामगार आले होते. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले आणि गटाराच्या तोंडाशी बसून राहिले. यंत्र येईपर्यंत उतरणार नाही, म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात सभागृहामागचं गटार तुंबलं. काळं पाणी उंबरठा ओलांडून नव्या खुर्च्यांच्या पायांपर्यंत आलं. नाकाला रुमाल लावून सभा बसली आणि पाच वर्षं रखडलेलं यंत्र चहाविना सात मिनिटांत मंजूर झालं.

इतिवृत्तात खरेदीचं कारण नोंदलं आहे: सभागृहात येणारी दुर्गंधी. दोरीला बांधून वर आलेल्या माणसाचा त्यात उल्लेख नाही. ते इतिवृत्त पुढच्या सभेत वाचलं गेलं आणि एकाही सदस्याने दुरुस्ती सुचवली नाही.