रसकापूर

१९४६ च्या मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी नऊ वाजता, बेळगावच्या एका कॉलेजातल्या रसायनशाळेत, तम्मण्णाने परीक्षेसाठी मिळालेला पांढरा क्षार जिभेला लावला.

कुणी पाहिले नाही. त्याचे त्यालाही आधी कळले नाही. वडगावात त्याच्या घरी सूत रंगवतात. हंड्यातला खार चढला की उतरला, हे त्याची आई जयवंता बोट बुडवून जिभेने ठरवते. तोही लहानपणापासून तसेच ठरवत आला होता. क्षार बोटाला चिकटला आणि बोट तोंडात गेले.

चव तुरट होती, कळकलेले पितळी भांडे चाटल्यासारखी.

त्याने नळावर चूळ भरली, पुन्हा भरली. हेरेकर सर खिडकीशी उभे होते. 'मला काय दिलंय?' असे विचारले असते, तर त्यांनी नाव सांगितले असते आणि परीक्षा तिथेच संपली असती. गेल्या वर्षी तो याच विषयात नापास झाला होता. यंदा पास झाला तर पुढचा वर्ग, नाही तर माग. बापाने तसे बजावून ठेवले होते.

सकाळी कॉलेजला येताना गुंजीच्या रवळूने त्याची थट्टा केली होती. रवळू आर्ट्सच्या पहिल्या वर्षाला, तम्मण्णाच्या शेजारी खोली घेऊन राहायचा.

"तम्मा, आमच्या अर्थशास्त्रात तुमचा माग म्हंजे भांडवल, आन् तुझा आप्पा म्हंजे श्रम."

"आन् मी रं?"

"तू व्हय? तू निव्वळ खर्च!"

"गप रं. तुझ्या तर्कशास्त्रानं भाकरी फुगती काय?"

"फुगत न्हाय. पर का फुगली न्हाय, ते सांगता येतंय!"

आता ते काही आठवले तरी हसू येईना. क्षार ओळखायची रीत ठरलेली होती, आणि एक पायरी गाळून पुढची करता येत नव्हती. त्याने क्षार पाण्यात विरघळवला. हायड्रोक्लोरिक आम्ल घातले. साका बसला नाही. म्हणजे शिसे नाही. त्याला बरे वाटले.

मग त्याने नळीत कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडला. पाणी पांढरे गढूळ झाले. गढूळ पिवळे झाले, पिवळ्याचे तपकिरी झाले. तिथेच थांबावे, असे त्याला वाटत होते. ते काळे झाले.

रंगांचा हा क्रम हेरेकर सरांनी वर्गात दाखवला होता. पाऱ्याचा क्षार, रसकापूर.

रवळू तर्कशास्त्राचा अभ्यास मोठ्याने करायचा, त्यामुळे दोन विधानांवरून तिसरे काढायची रीत तम्मण्णालाही पाठ होती. रसकापूर विष आहे. मी चाखले ते रसकापूर आहे. पुढचे वाक्य त्याने मनात येऊ दिले नाही. उत्तर बरोबर आले होते. अर्धे काम बाकी होते, नंतर तोंडी परीक्षा. तो नळी घेऊन खिडकीशी गेला.

"सर, रसकापूर हाय."

"मला काय सांगतोस? जागेवर जा, पुढचं कर."

"सर, मी चाखलं."

"काय?"

"सवयीनं. आमच्याकडं खार असाच बघत्यात."

"गिळलंस?"

"चूळ भरली. पर थुकी गेली आसंल."

"केव्हा?"

"सुरवातीलाच."

"आणि इतका वेळ नळ्या हलवत बसलास, गाढवा?"

"तुमी नाव सांगिटलं असतं तर पेपर गेला असता, सर."

सरांनी शिपायाला अंडी आणायला पिटाळले. कच्च्या अंड्यातला पांढरा भाग त्यांनी स्वतः पेल्यात काढला.

"आमच्यात अंडं शिवत न्हाईत, सर."

"आज शिवायचं. पारा यानं बांधला जातो. पी."

त्याने डोळे मिटून पेला रिकामा केला. सरांनी त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेले.

दुपारी जयवंता आली. तिचे हात मनगटापर्यंत निळे होते.

"कुणी दिलं रं तुला ते?"

"परीक्षेतलंच हुतं, आये. मीच चाखलं."

"चूळ भरलास न्हवं? मग काय हुत न्हाय. मला इतक्या वर्सांत कुठं काय झालंय?"



क्षार चाखायचा नाही हा नियम मोडला म्हणून पेपर रद्द धरायचा की कसे, हे प्राचार्यांनी अजून ठरवले नव्हते. हेरेकर सर तसे सांगून बाहेरच्या बाकावर बसले. डॉक्टर म्हणाले, पोट ठीक दिसते, भीती मूत्रपिंडाची आहे. लघवी होते का, तेवढे बघा.

दिवे लागले. खाटेखाली एनॅमलचे पांढरे भांडे ठेवले होते. जयवंता मधूनमधून वाकून बघत होती. भांडे कोरडे होते.