चौकटीत नको असलेली काठी

पक्ष्यांचे फोटो थंडीत काढावेत, हे काही कुणी खलीलला शिकवायला नको होतं. ऊन कोवळं, खाडीवर पाहुण्या पक्ष्यांचे थवे. पण उरणच्या त्याच्या स्टुडिओत होती ती लग्नाच्या पंगती टिपणारी लेन्स. तिच्यातून खाडीतला बगळा म्हणजे नुसता पांढरा ठिपका. म्हणून एक्याऐंशी साली मुंबईच्या स्पर्धेसाठी त्याने वैशाख धरला. अंड्यांवरची टिटवी जागा सोडून लांब जात नाही. हिशेब पक्का होता. वैशाखात मिठागरात मीठही निघतं, एवढंच त्यात धरायचं राहिलं.

जासईच्या मिठागरात घरटं शोधायला त्याला कष्ट पडले नाहीत. बांधावर तिथेच कामाला असणाऱ्या चांगुणाबाईची काठी होती, वर लाल चिंधी. दरवर्षी टिटवीने अंडी घातली की ती अशी काठी रोवायची. डोक्यावर मिठाची पाटी असली की पायाखालचं दिसत नाही. समोर चिंधी दिसली की माणसं दुसऱ्या बांधाने जायची. खलील लहानपणापासून हे पाहत आला होता.

लेन्समधून पाहिलं, तर चिंधी नेमकी टिटवीच्या डोक्यावर. वैतागून त्याने काठी उपटली आणि पलीकडच्या चिखलात फेकली. फोटो असा झकास निघाला की गडी शीळ घालत सायकलवर बसला. काठी परत रोवायची आठवणही झाली नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईचा नवरा दत्तू पाटी घेऊन त्याच बांधावरून गेला आणि अंडी त्याच्या पायाखाली चिरडली.

"डोले फुटले व्हते काय तुजे?" चांगुणाबाईने त्याला अन्न गोड लागू दिलं नाही. चिंधी दिसलीच नाही, म्हणून दत्तू शपथा घेई. ऐकतंय कोण! खलीलला हे बाजारात कळलं. उद्या सांगू, असं तो रोज म्हणे. मग फोटोला बक्षीस मिळालं आणि सांगणं आणखीच अवघड झालं. लाज होतीच, पण भीती त्याहून मोठी होती.

एक दिवस चांगुणाबाई फोटो बघायला स्टुडिओत आली. बराच वेळ बघत राहिली.

"काठी कुटं हाय रं?"

खलील उगाच लेन्स पुसू लागला.

"म्हंजे मी रोवलीच नाय," ती हळूच म्हणाली. "रोवली आसं नुसतं वाटलं मना. आन त्या बिचाऱ्याला काय काय बोललं मी!" तिने पदराने डोळे पुसले. "ह्यो फोटू दे मना, खलील. माजीच चूक व्हती, त्याला दाखवतं."

आता तरी बोलावं. खलीलने तोंड उघडलंही.

"कागदात गुंडाळून देतो, मावशी," तो म्हणाला.